कॅमेरा ‘लॉक’ आहे म्हणजे नक्की काय? – लिनक्स, यूएसबी आणि ऑटोमाउंट

लिनक्सवर पेन ड्राइव्ह लावला की दोन सेकंदांत त्याचा आयकॉन येतो. त्या दोन सेकंदांत आत काय काय घडलं याचा आपण कधी विचार करत नाही. विचार करायची वेळ येते ती आयकॉन आला नाही तर! माझ्यावर ही वेळ मामाच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यामुळे आली. २०१२ च्या गणपतीत आजी मोदक वळत असतानाचे फोटो त्यात होते. आजी आता नाही, आणि त्या फोटोंची दुसरी कॉपी कुठेच नव्हती. कार्ड जुन्या एक्सडी जातीचं, त्याला रीडर मिळेना. म्हणजे फोटो बाहेर काढायचा रस्ता एकच, कॅमेऱ्याची यूएसबी केबल.

सगळी शोधाशोध करताना जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी ‘माउंट’ म्हणजे काय?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे ‘माउंट’ला शुद्ध मराठी शब्द मला सुचत नाही. पण कल्पना अगदी आपली आहे. लिनक्समध्ये सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह असं काही नसतं. सगळ्या फाइल्सचं एकच झाड असतं. नवीन डिस्क आली की तिची फांदी या झाडावर एका ठिकाणी जोडायची, आंब्याला कलम बांधतात तसं. हे जोडणं म्हणजे माउंट, आणि ते आपोआप झालं की ऑटोमाउंट.

हे काम एकटा कोणी करत नाही, ही रिले रेस असते. पहिला धावतो कर्नल. पोर्टवर काहीतरी आलं की तो त्या वस्तूला विचारतो, “तू कोण?” ती आपला कंपनी नंबर, मॉडेल नंबर आणि ‘क्लास’ म्हणजे जात सांगते. दुसरा युडेव्ह. तो नियम बघून त्या वस्तूला परवानग्या आणि टोपणनावं देतो. तिसरा युडिस्क्स, जो डिस्क असेल तर सांगितल्यावर माउंट करतो. चौथा डेस्कटॉप, तो युडिस्क्सला “कर माउंट” म्हणतो आणि आपल्याला आयकॉन दाखवतो. बॅटन कुठे पडला ते शोधणं म्हणजेच ट्रबलशूटिंग. आणि शोध नेहमी पहिल्या धावपटूपासून सुरू करायचा. मी नेमकी उलटीकडून सुरुवात केली आणि एक अख्खी संध्याकाळ सेटिंग्ज चाळण्यात घालवली.

पायरी १ : कर्नलला काही दिसतंय का?

टर्मिनल उघडून सुडोसकट डीमेसेज ही कमांड ‘फॉलो’ ऑप्शन देऊन चालवायची. कर्नल जे बोलतो ते तिथे त्याच क्षणी उमटतं. मग कॅमेरा चालू करून केबल लावायची. माझ्या स्क्रीनवर एक ओळही आली नाही. याचा अर्थ सॉफ्टवेअरपर्यंत गोष्ट पोचलीच नव्हती!

दोष केबलचा निघाला. यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात: ५ व्होल्टची एक, ग्राउंडची एक आणि डेटाच्या दोन. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. बाहेरून दोन्ही केबल जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. मामाच्या कपाटातून मूळ केबल मागवली, लावली, आणि लगेच ओळ आली: नवीन हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस सापडलं.

पायरी २ : जात कोणती?

आता वाटलं झालं काम. पण एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) चालवली तर त्यात लॅपटॉपची स्वतःची डिस्क सोडून काहीच नाही. मग एलएसयूएसबी ही कमांड ‘टी’ ऑप्शनसह चालवली. ती प्रत्येक यूएसबी वस्तूचा क्लास आणि ड्रायव्हर झाडासारखा मांडून दाखवते. पेन ड्राइव्हसमोर ‘मास स्टोरेज’ येतं आणि ड्रायव्हर यूएसबी-स्टोरेज. माझ्या कॅमेऱ्यासमोर होतं ‘इमेजिंग’.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळली. कॅमेरे दोन पद्धतींनी बोलतात. मास स्टोरेज (क्लास नंबर ०८) मध्ये कॅमेरा आपलं कार्ड डिस्क म्हणून कॉम्प्युटरच्या हातात देऊन टाकतो. पीटीपी म्हणजे पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉल (क्लास नंबर ०६) मध्ये कार्ड कॅमेऱ्याच्याच ताब्यात राहतं, कॉम्प्युटरने फाइल मागायची आणि कॅमेऱ्याने ती काढून द्यायची. आपल्या लायब्ररीचं उदाहरण घ्या. एका विभागात आपण स्वतः कपाटातून पुस्तक काढतो, दुसऱ्यात काउंटरवर चिठ्ठी द्यावी लागते. पीटीपी म्हणजे चिठ्ठीवालं काउंटर.

अशी पद्धत का? कारण एकाच कार्डावर कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोघेही एकाच वेळी लिहायला लागले तर फाइल सिस्टीमची वाट लागेल. म्हणून मालक एकच हवा.

याचा परिणाम असा की पीटीपी कॅमेऱ्यासाठी डिस्क तयारच होत नाही. मग एफएसटॅब फाइलमध्ये कितीही ओळी लिहा, माउंट कमांडला कितीही विनवण्या करा, उपयोग शून्य. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत ‘यूएसबी मोड’ असतो, तिथे मास स्टोरेज निवडलं की प्रश्न सुटतो. माझ्या कॅमेऱ्यात तो पर्याय नव्हता.

पायरी ३ : ‘लॉक’चा घोळ

पीटीपीसाठी लिनक्समध्ये लिबजीफोटो२ नावाची लायब्ररी आहे आणि फोटोंचे बहुतेक प्रोग्रॅम तीच वापरतात. मी फोटो इम्पोर्टचा प्रोग्रॅम उघडला, तर उत्तर आलं की कॅमेरा दुसऱ्या प्रोग्रॅमने लॉक केला आहे. माझी रूममेट मागून बघत होती. तिने फक्त ‘लॉक’ हा शब्द वाचला आणि म्हणाली, “अगं, कार्ड लॉक झालंय. कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट मार, माझ्या पेन ड्राइव्हचं तसंच झालं होतं.”

खरं सांगते, माझा अंगठा मेनूच्या बटणावर गेला होता. मग वाटलं, मेसेज पुन्हा एकदा पूर्ण वाचू. मेसेजमध्ये कार्डाबद्दल अक्षरही नव्हतं. ‘दुसऱ्या प्रोग्रॅमने’ असं स्पष्ट लिहिलं होतं. मग हा दुसरा कोण?

पीएस कमांडने चालू प्रोसेसची यादी काढली, तेव्हा त्यात जीव्हीएफएस-जीफोटो२ नावाची मंडळी सापडली. हा ग्नोम डेस्कटॉपचाच भाग. केबल बदलल्याबरोबर त्याने कॅमेरा ओळखून स्वतःच माउंट करून टाकला होता. यूएसबीचा नियम असा की एका इंटरफेसवर एका वेळी एकाच प्रोग्रॅमचा ताबा. म्हणजे ऑटोमाउंट चाललं नाही म्हणून मी रडत होते, आणि आता ते चाललं होतं म्हणूनच अडत होतं! टर्मिनलवर जीफोटो२ कमांड वापरणाऱ्यांना ‘डिव्हाइस क्लेम करता आलं नाही’ असा एरर येतो, तोही बहुतेक वेळा याच कारणाने.

उपाय एका क्लिकचा. फाइल मॅनेजरमध्ये कॅमेऱ्याच्या नावावर राइट क्लिक करून अनमाउंट. मग जीफोटो२ला ‘ऑटो-डिटेक्ट’ सांगितलं, मॉडेलचं नाव आलं. ‘गेट-ऑल-फाइल्स’ सांगितलं आणि एकेक फोटो उतरायला लागला. सेल संपून मध्येच बंद पडू नये म्हणून आधीच दोन नवे पेन्सिल सेल घातले होते.

तुमचा कॅमेरा किंवा कार्ड डिस्क म्हणून दिसत असेल तर

एलएसबीएलकेमध्ये डिस्क दिसते पण आयकॉन येत नाही, अशा वेळी युडिस्कसीटीएल कमांडने हाताने माउंट करून बघा. चाललं तर दोष फक्त डेस्कटॉपच्या ऑटोमाउंट सेटिंगचा. नाही चाललं तर एरर वाचा. ३२ जीबीपेक्षा मोठ्या एसडी कार्डांवर सहसा एक्सफॅट ही फाइल सिस्टीम असते. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये २०१९ च्या शेवटी, ५.४ आवृत्तीत आला. त्याहून जुना कर्नल असेल तर तो वेगळा घालावा लागतो. आणि कार्ड खराब असल्याची शंका असेल तर आधी ‘रीड-ओन्ली’ माउंट करून फोटो काढा, दुरुस्ती मग.

आणखी एक सूचना. जुन्या लेखांत हॉटप्लग आणि हॅल यांची सेटिंग्ज बदलायला सांगितलेली असतात. युडेव्ह २००३ मध्ये आला, आणि हॅल २०१० च्या आसपास बहुतेक लिनक्समधून बाहेर गेला. त्यामुळे कुठलीही जुनी युक्ती करण्याआधी ती कुठल्या सालची आहे ते बघा.

थोडक्यात

१. आधी केबल, मग कर्नल, मग क्लास, मग डेस्कटॉप. क्रम मोडू नका.
२. इमेजिंग क्लास असेल तर माउंट कमांडच्या नादी लागू नका.
३. ‘लॉक’ किंवा ‘बिझी’ दिसलं तर आधी विचारा, कोणी धरून ठेवलंय?
४. फॉरमॅट हा उपाय नाही. फोटो हातात आल्यानंतरच तो शब्द काढा.
५. कॉपी झाल्यावर फाइल्स मोजा. कॅमेऱ्यात जितक्या, तितक्याच डिस्कवर हव्यात.

मी मोजल्या. कॅमेऱ्यात २१४, डिस्कवर २१४. एकशे सत्तराव्या फोटोत आजी मोदकाला कळ्या पाडते आहे आणि कॅमेऱ्याकडे न बघता कुणालातरी ओरडते आहे. बहुधा मलाच. आईने तोच फ्रेम करायला दिला.