ब्युरोला फोन लावण्याआधी वहीत चोवीस तास लिहा

आत्याच्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि पाचव्या दिवशी घरी न्या म्हणाले. हॉस्पिटलच्या जिन्यातूनच मी घरी रुग्णाची काळजी घ्यायला बाई पुरवणाऱ्या ब्युरोला फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "बारा तासांची हवी की चोवीस?" घाबरलेला माणूस चोवीसच म्हणतो, तसं मीही म्हटलं. महिना पंचवीस हजार ठरले.

महिनाअखेर हिशोब मांडला तेव्हा आकडा चव्वेचाळीस हजारांवर गेला होता. पगार 25,000, ब्युरोची नोंदणी 3,000, वरखाली होणाऱ्या पलंगाचं भाडं 2,500. डायपर दिवसाला तीन, चाळीस रुपयांप्रमाणे 3,600. फिजिओथेरपिस्टच्या बारा फेऱ्या, सहाशेप्रमाणे 7,200. ब्युरोकडून आलेल्या ताईंचा चहा-नाश्ता आणि दोन वेळचं जेवण धरून तीनेक हजार. यात औषधं नाहीत, पलंगाची अनामतही नाही. हे पुण्यातले दर. तालुक्याच्या गावी कमी, मुंबईत जास्त.

तेव्हा हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सांगते. फोन करण्याआधी एक पूर्ण दिवस वहीत लिहून काढा. किती वाजता उठवावं लागतं, शौचाला किती वेळा, रात्री किती हाका येतात, कुठलं काम एकट्याला उचलत नाही. तिसऱ्या आठवड्यात आत्याची वही लिहिली, तेव्हा दिसलं की रात्री ती एकदाच उठते आणि तेवढं आम्हाला जमण्यासारखं आहे. पुढच्या महिन्यापासून दिवसाच्या बारा तासांवर आलो, सतरा हजारांत. उलट, रात्री पाच-सहा वेळा उठावं लागणाऱ्या रुग्णासाठी चोवीस तासांची एकच बाई ठेवणं चूक आहे. तिलाही सलग झोप आणि पाठ टेकायला जागा लागते. पेंगुळलेल्या माणसाच्या हातून रुग्ण पडतो. तिथे दिवसाची वेगळी आणि रात्रीची वेगळी, असाच खर्च धरा.

दुसरी गफलत माणूस निवडताना होते. ब्युरोकडून येणारी बहुतेक माणसं अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, चालवणं ही कामं करतात. त्यांना सरसकट 'सिस्टर' म्हणतात, पण नाकातल्या नळीतून अन्न देणं, कॅथेटर बदलणं, इन्सुलिन टोचणं हे शिकलेल्या परिचारिकेचं काम. परिचारिकांचा एएनएम हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा, आणि नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे. नोंदणी क्रमांक मागायला संकोचू नका. पूर्णवेळ परिचारिकेला जवळपास दुप्पट पैसे पडतात. ड्रेसिंगपुरती फेरीवर बोलावली तर काही शेकड्यांत भागतं. बहुतेक घरांना ताई पूर्णवेळ आणि परिचारिका फेरीवर, एवढं पुरतं.

ब्युरोकडून लेखी घ्या: महिन्याला सुट्ट्या किती, सुट्टीच्या दिवशी बदली कोण देणार, सणाला जादा पैसे किती, मधेच बंद केलं तर नोंदणीचे पैसे परत मिळतात का, पोलीस पडताळणी झाली आहे का. आमच्या ताई गौरीला गावी गेल्या. ब्युरोने "सकाळी आठला बदली येईल" म्हणून सांगितलं आणि साडेदहापर्यंत कुणी फिरकलं नाही. ओल्या चादरीवर पडून आत्या "राहू दे गं, येतील" म्हणत होती. त्या अडीच तासांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ताईंचा मात्र यात काही दोष नव्हता. त्यांनी आठ दिवस आधी सांगितलं होतं.

घरी जमणारच नसेल तर वृद्धाश्रम. तिथे खोली बघण्याआधी एकच विचारा: माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवून घेता का? स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांनाच घेणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, आणि ऐन गरजेच्या वेळी त्या घरी न्यायला सांगतात. अनामत किती, त्यातली परत किती, हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर सोबत कोण राहणार, हेही कागदावर हवं. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या आश्रमात साठीपुढच्यांना राहणं-जेवणं धरून महिना 25,000 रुपयांपर्यंतच्या शुल्कावर जीएसटी लागत नाही. पावती नीट वाचा.

सरकारी मदतीबद्दल गैरसमज फार आहेत. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते हॉस्पिटलात दाखल झाल्यावर. घरच्या बाईचा पगार त्यात बसत नाही. आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या औषधोपचाराच्या खर्चावर जुन्या करप्रणालीत 50,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते, तेव्हा बिलं जपून ठेवा. अडचणीच्या वेळी 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. आणि मुलांच्या नावे घर बक्षीसपत्राने करणार असाल, तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द त्यात घालून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या कायद्यानुसार ती अट मोडली, तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागून बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. सही करताना हे बोलायला जड जातं, तरी बोला.

सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू सगळ्यात स्वस्त होती. न्हाणीघरात कमोडशेजारी भिंतीला बसवलेला स्टीलचा दांडा, मजुरी धरून नऊशे रुपये. तो धरून आत्या एकटी उठायला लागली, त्या दिवशी तिने दार आतून लावून घेतलं आणि मी बाहेर श्वास रोखून उभी राहिले. आता ताई सकाळचे तीनच तास येतात, सहा हजारांत. पगार आत्या स्वतःच्या पेन्शनमधून स्वतःच्या हाताने देते.