‘माझ्याने व्हायचे नाही’ याला प्रमाण कोणते?

सज्जनहो, सप्ताहात, दिंडीत, कोणाच्या ओटीवर बसले असता एक वाक्य आमच्या कानी वारंवार पडते : ‘बुवा, हे काही माझ्याने व्हायचं नाही.’ कोणी पोथी वाचण्याविषयी म्हणतो, कोणी तंबाखू सोडण्याविषयी, कोणी पखवाज शिकण्याविषयी. बोलणारा इतक्या खात्रीने बोलतो, की जणू सूर्य पूर्वेला उगवतो असेच सांगत आहे. परंतु शास्त्राची पहिली शिकवण अशी, की कोणतीही गोष्ट खरी मानण्यापूर्वी तिला प्रमाण विचारावे. मग स्वतःविषयीच्या या निश्चयालाच सूट का द्यावी?

न्यायशास्त्र प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानते. त्यांपैकी तिघांशी आपल्याला येथे काम आहे.

कोणी प्रत्यक्षाचा दाखला देतो : ‘एकदा करून पाहिलं, जमलं नाही.’ ठीक आहे. त्या दिवशी जमले नाही, एवढे सिद्ध झाले. ‘कधीच जमणार नाही’ हे त्यातून कसे निघाले? उद्याचे प्रत्यक्ष आज होत नसते.

कोणी अनुमान सांगतो : ‘आमच्या घराण्यात कोणाला गळा नाही.’ पण त्या घराण्यात पहाटे उठून कोणी रियाज केला होता काय? पेरलेच नाही त्या शेताला नापीक म्हणण्यासारखे हे अनुमान आहे.

तिसरा शब्दाचा आधार घेतो : ‘अमके मोठे गृहस्थ म्हणाले.’ शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा. म्हणजे ज्याला तो विषय यथार्थ ठाऊक आहे आणि जो जसा आहे तसा सांगतो, त्याचा. नुसता मान्यवर माणूस आप्त ठरत नाही.

हे आम्ही अनुभवाने लिहितो, आणि तो अनुभव आमच्या भूषणाचा नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात पन्नाशीच्या एक मावशी आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, ‘बुवा, मला अक्षरओळख नाही. शिकले तर पारायणाला बसता येईल का हो?’ आम्ही हसून म्हणालो, ‘आता या वयात कशाला, मावशी? ज्ञानेश्वरी म्हणजे सुमारे ९,००० ओव्या. तुम्ही आपलं श्रवण करा, तीही भक्तीच.’ हेतू वाईट नव्हता. मावशी नमस्कार करून गेल्या. काही वर्षांनी त्याच गावी त्या दुसऱ्या एका बाईला समजावताना आम्ही ऐकले : ‘अगं, आपलं वय गेलं. खुद्द बुवांनी सांगितलंय.’ आम्ही चरकलो. पण बोललो मात्र नाही.

आम्ही त्या विषयात आप्त होतो काय? वयस्क माणसाला अक्षर शिकवण्याचा एकही प्रयत्न आम्ही केला नव्हता. गादीवरचा मान एका विषयातला. निकाल मात्र दुसऱ्याच विषयात दिला.

पुढे ८ मार्च २०१६ रोजी ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वयाच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी घेऊन बसू लागल्या. धर्मग्रंथ आपल्याला वाचता यावेत ही त्यांची इच्छा त्यामागे होती. नियम मोडायला एक विरुद्ध उदाहरण पुरते. येथे तर वर्गच भरला होता.

ते वृत्त वाचून आम्ही २०१७ साली मावशींच्या घरी गेलो आणि हात जोडून म्हणालो, ‘मावशी, आमचा शब्द परत घेतो.’ त्या म्हणाल्या, ‘बुवा, आता डोळेच गेले हो.’ थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘मी जिला सांगितलं होतं, तिला सांगा. तिचे डोळे चांगले आहेत.’

सज्जनहो, मर्यादा दोन प्रकारच्या. डोळ्यांची मर्यादा खरी होती. वयाची मर्यादा आम्ही दिलेली होती. वाल्मीकि-रामायणातील किष्किंधाकांडात हा भेद फार सुंदर आला आहे. समुद्र उल्लंघण्याचा प्रश्न पडतो, तेव्हा गज म्हणतो दहा योजने, गवाक्ष म्हणतो वीस. वृद्ध जांबवान आपले वय ओळखून नव्वद सांगतो. अंगद म्हणतो, शंभर जाईन, परतण्याची खात्री नाही. ही मापे बळाची आहेत. ती सांगण्यात कमीपणा नाही. हनुमंत मात्र एकीकडे गप्प बसला आहे. जांबवान त्याला नवे बळ देत नाही. त्याच्या जन्माची कथा सांगून असलेल्या बळाची आठवण देतो. जांबवानाला ती कथा ठाऊक आहे, म्हणून तो तेथे आप्त.

आठवण झाल्यावर उडी मात्र हनुमंतालाच मारावी लागली. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञानेही १९७७ साली हेच मांडले, की दुसऱ्याचे उदाहरण आणि धीराचा शब्द उपयोगी पडतात खरे. पण स्वतः करून मिळालेले यश मनाची खात्री सर्वांत अधिक पटवते. म्हणून ९,००० ओव्यांकडे पाहू नये. आज एक अक्षर, महिन्याने एक शब्द, वर्षाने एक ओवी.

येथे कोणी शंका घेईल : ‘संतांनी तर स्वतःला हीन म्हटले. मग हा अहंकार नव्हे काय?’ नव्हे. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते, आणि तिचे अभंग आजही आपण गातो. तिच्या लीनतेने तिची वाणी थांबली नाही. ज्या लहानपणाने हात कामाला लागतो तो विनय. ज्याने हात आखडतो ती नुसती समजूत, मग तिला वैराग्याचे नाव दिले तरी.

असो. ती दुसरी बाई पाटी घेऊन बसली. दोन वर्षांनी सप्ताहात तिने ओवीवर बोट ठेवून, अडखळत, पाच ओव्या वाचल्या. मावशी शेजारी बसून ऐकत होत्या. आम्ही मात्र मान खाली घातली होती.

तेव्हा वाचकांस विनंती दोन. ‘माझ्याने व्हायचे नाही’ असे मन म्हणेल, तेव्हा त्याला प्रमाण विचारा. आणि दुसऱ्याला ‘तुझ्याने व्हायचे नाही’ म्हणण्याची वेळ येईल, तेव्हा आधी स्वतःला विचारा : या विषयात मी आप्त आहे काय?

रामकृष्ण हरि.