बस पारखावी ती उतारावर

मित्रांनो, आपल्या नगरचा आणि बसचा संबंध जुना आहे. १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एसटी सुटली ती आपल्याच नगरमधून, पुण्याकडे. तीस सीटची बेडफर्ड गाडी आणि लाकडी बॉडी. ड्रायव्हर होते किसन राऊत आणि कंडक्टर लक्ष्मण केवटे. शिवाय खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या गाड्यांची परीक्षा घेणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही प्रयोगशाळाही इथलीच, आणि रणगाड्यांचं म्युझियमसुद्धा इथलंच. एवढं सगळं उशाला असून मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षापर्यंत एकाही गाडीच्या खाली कधी शिरले नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत ती वेळ आली, तीही मामांमुळे!

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी पोटात घातल्या आहेत. राहिलेल्या तुम्ही घाला.)

माझे मामा अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे राहतात. भात आणि दूध हा त्यांचा धंदा. तिकडे पावसाळा म्हणजे चार महिने धो धो. पाड्यांवरची मुलं चिखलातून चालत शाळेला येतात, आणि जोराचा पाऊस लागला की येतच नाहीत. साधी जीप त्या चढाला घसरते. म्हणून मामांच्या डोक्यात आलं की जुनी फोर व्हील ड्राइव्ह मिनीबस घ्यायची. तशी एक बस चंद्रपूरकडे विकाऊ असल्याचं त्यांना कळलं. खाणीत कामगारांची ने-आण करायला एका ठेकेदाराने वापरलेली, नऊ वर्षं जुनी, वीस सीटची. मामांचा फोन आला, "पोरी, घरात इंजिनिअर असताना मी दुसऱ्याला कशाला विचारू? चल माझ्याबरोबर."

मी अजून इंजिनिअर झालेले नाही हे सांगायचा मोह आवरला आणि निघाले. बरोबर मामांचे एक दोस्त, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हरकाका. आम्ही तिघांनी या प्रवासात जे शिकलो ते इथे लिहिते आहे. म्हटलं, कुणाला तरी उपयोग होईल.

१) आधी कागद, मग गाडी

मी थेट बॉनेट उघडायला धावले. काकांनी थांबवलं. "ताई, इंजिन दुरुस्त होतं. कागद दुरुस्त होत नाहीत."

आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर जुळतो का, हे पहिलं बघायचं. काकांनी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतली. दुसरं, आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा आहे का? असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५ लागतो. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. राज्यातल्या राज्यात विक्री झाली की विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मग टॅक्स, इन्शुरन्स, पीयूसी, थकलेले ई-चलन आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फिटनेस, ज्याला आपण 'पासिंग' म्हणतो. आठ वर्षांपेक्षा जुन्या ट्रान्सपोर्ट गाडीचं पासिंग दर वर्षी करावं लागतं. यातलं काहीही संपलेलं असेल तर गाडी स्वतः चालवत घरी आणायचा विचार सोडा.

आणखी एक गोष्ट. सरकारी खात्याची जुनी बस स्वस्तात मिळेल आणि तीच दुरुस्त करून चालवू, असं पुष्कळांना वाटतं. पण १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते आणि त्या भंगारात जातात. लष्कराच्या कामाच्या खास गाड्या सोडल्या तर हा नियम एसटीच्या बसलाही लागू आहे. तेव्हा आपल्या लाल डब्यावरचं प्रेम मनातच ठेवा.

२) चारही चाकं कशाला?

मामांनी मला रात्री लॉजवर विचारलं, "चार चाकांना ताकद दिल्यानं असा काय फरक पडतो?" मी वहीच काढली. न्यूटनऐवजी किलोतच सांगते, कारण मामांनाही तसंच सांगितलं.

समजा माणसांसकट बस ५ टनांची आहे. चढ १ ला ६, म्हणजे सहा मीटरला एक मीटर वर. एवढ्या चढावर बसचं स्वतःचं वजन तिला सुमारे ८२० किलोच्या जोराने मागे ओढतं. चिखलात चाक रुतण्याचा विरोध धरा आणखी ४०० किलो. म्हणजे वर जायला साधारण १२२० किलोचा जोर पाहिजे. आता चिखलावर टायरची पकड फार तर ०.३५. मागच्या दोन चाकांवर ६० टक्के वजन धरलं तर ती फक्त १०३५ किलोचा जोर जमिनीला देऊ शकतात. इंजिन कितीही मोठं असू द्या, चाकं नुसती फिरणार. चारही चाकांना जोर दिला की आकडा होतो १७२५ किलो. गाडी चढते!

मामा वहीकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे ताकद इंजिनात नाही, पायात आहे." हे वाक्य मी व्हायवामध्ये वापरणार आहे.

३) बैलाची पारख

राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. मामांची अर्धी हयात तिथे गेली आहे. त्यांनी बसलाही बैलासारखी फेरी मारली. टायर बघून म्हणाले, "खूर पुढचे नवे, मागचे जुने." मी हसले. (हे हसणं नंतर महागात पडलं.)

मी माझ्या पद्धतीने तपासलं. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना स्टार्ट करून धूर पाहिला. विकणारे गाडी आधीच गरम करून ठेवतात, म्हणून बॉनेटला हात लावून बघायचा. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस नव्हता, म्हणजे पाणी ऑइलमध्ये जात नव्हतं. चालू इंजिनचं झाकण उघडल्यावर वाफेचा जोरदार फुसकारा नव्हता, म्हणजे रिंगा ठीक होत्या. चेसिसवर वेल्डिंगचे ठिगळ नव्हते. पाट्यांचं एकही पान तुटलेलं नव्हतं. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून किंगपिनचा खेळ पाहिला. ठेकेदाराच्या माणसाने यार्डातल्या चिखलाच्या खड्ड्यात फोर व्हील टाकून गाडी बाहेर काढून दाखवली. ब्रेक मी यार्डातच सपाटीवर, वीसच्या स्पीडला मारून बघितले. लागले. मी मामांना म्हटलं, "घ्या."

तीन वर्षांचे दुधाचे आणि भाताचे पैसे मामांनी मोजून दिले. देताना त्यांचा हात जरा थांबला, तो मला अजून दिसतो.

४) सातशे किलोमीटर

घरी यायचे दोन रस्ते होते. नागपूरला जाऊन समृद्धी महामार्ग धरला असता तर थेट शिर्डीपर्यंत सरळ कॉंक्रीट. पण काका नको म्हणाले. तिथे सगळ्या गाड्या भन्नाट जातात, आपली पन्नासच्या वर जायची नाही. जुने टायर तासन् तास कॉंक्रीटवर तापले की फुटतात. आणि अनोळखी गाडीला दर दहा-पंधरा किलोमीटरवर गॅरेज असलेला रस्ता बरा. म्हणून वणी, यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मेहकर, सिंदखेडराजा, जालना, छत्रपती संभाजीनगर, वैजापूर, कोपरगाव, संगमनेर, अकोले असा जुना रस्ता धरला. सुमारे सातशे किलोमीटर.

यवतमाळच्या अलीकडेच स्टिअरिंग जड झालं. वळणावर टायर चीं-चीं करू लागले. गाडी अशी चालत होती जणू कुणी मागून धरली आहे. खाली उतरून बघितलं तर ट्रान्सफर केसला हात लावता येईना. लिव्हरवरची खूण झिजलेली, आणि गाडी अजून फोर व्हीलमध्येच! खड्ड्यातून काढल्यानंतर कुणी ती काढलीच नव्हती. आम्हीही विचारलं नव्हतं.

आता हे वर्गात शिकलेलं होतं. गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात. दोन आसांमधलं अंतर ३.४ मीटर आणि मागच्या आसाचं वळण १० मीटर त्रिज्येचं धरलं, तर काटकोनात वळताना मागचा आस १५.७ मीटर जातो आणि पुढचा १६.६. जवळजवळ ९० सेंटीमीटरचा फरक. साध्या फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात, मध्ये डिफरन्शिअल नसतं. चिखलात टायर घसरून हा फरक भागवतात. डांबरावर घसरता येत नाही, मग पीळ गिअरमध्ये बसतो.

आणि मामांचे खूर! पुढचे टायर नवे, त्रिज्या ४०० मिलिमीटर. मागचे झिजलेले, ३९२. म्हणजे सरळ रस्त्यावरसुद्धा दर किलोमीटरला २० मीटरचा फरक. ज्याला मी हसले होते ते मामांनी नुसत्या नजरेने पकडलं होतं.

लिव्हर ओढली तर निघेना, पीळ बसलेला. काकांनी गाडी रस्त्याच्या कडेच्या मऊ मातीत घेतली, सरळ रेषेत वीसेक फूट रिव्हर्स घेतली आणि लिव्हर खट्कन सुटली. बदली टायर शोधायला यवतमाळमध्ये अर्धा दिवस गेला. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले असावेत, हा नियम आता मी कुठेही म्हणून दाखवीन.

५) मेहकरची रात्र

मेहकरच्या अलीकडे एक लहानसा उतार लागला. काकांनी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे ओढली. त्यांनी गिअर खाली टाकून ती सावरली, पण त्यांचा चेहरा पाहून मी गप्प झाले. मेकॅनिकने मागचा उजवा ड्रम उघडला. हबचं ऑइल सील गेलेलं, लायनर ऑइलने चिंब, आणि व्हील सिलिंडरही पाझरत होता. सपाटीवर वीसच्या स्पीडला हे कळणं शक्यच नव्हतं.

त्या रात्री मी वहीत गणित केलं. ५ टनांची बस ३०० मीटर उंचीवरून खाली उतरते तेव्हा जवळजवळ १४.७ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेत ५० लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापतं. ती सगळी ब्रेकवर टाकली तर ड्रम तापतात, लायनरची पकड जाते आणि पाय कितीही दाबला तरी गाडी थांबत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ऊर्जा इंजिनला खाऊ द्यायची.

मी चढाचं गणित मामांना दाखवलं होतं. उताराचं केलंच नव्हतं. त्या गाडीत मुलं बसणार होती.

मी मामांना म्हटलं, "मामा, माझं चुकलं. मी घ्या म्हणायला नको होतं." मामा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बैल चढाला कोणीपण बघतं गं. आम्ही भरलेली गाडी जोडून उताराला बघतो, जू मानेवर धरून ठेवतो का नाही ते. हे मलाही आठवायला पाहिजे होतं."

नवं सील, दोन्ही मागच्या चाकांना नवे लायनर, सिलिंडरची किट, आणि मग ब्रेकची हवा काढली. मी पेडल दाबत होते, मेकॅनिक खालून "दाबा... धरा..." म्हणत होता. इंजिनिअरिंगचं माझं पहिलं खरं प्रॅक्टिकल ते!

६) विठा घाट

अकोले सोडलं आणि विठा घाट चढून वर आलो. घर आता जवळच होतं. मामा म्हणाले, "थांब. गाडी फिरव. खाली उतरून दाखव." काकांनी सेकंड गिअर टाकला. गाडी घुमत, सावकाश, सरळ उतरली. काकांचा पाय ब्रेकवर फक्त टेकलेला होता. खाली आल्यावर मी चारही ड्रमजवळ हात नेऊन बघितला. चारही सारखेच कोमट. मग पुन्हा घाट चढून आम्ही घरी गेलो. मामींनी बसला कुंकू लावलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं.

मामांना पुढच्या सोमवारपासूनच मुलं न्यायची होती. यावर आमचं चांगलंच वाजलं. श्रीरामपूर आरटीओत नावावर करणं, नवं पासिंग, स्कूल बसची परवानगी. राज्यात त्यासाठी २०११ चे वेगळे नियम आहेत. "तोपर्यंत एकही मूल बसवायचं नाही," मी म्हटलं. मामा चिडले, "मुलं चालत येतात त्याचं काय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी मी हटले नाही. शेवटी मेहकरचा काढलेला लायनर, जो मी पिशवीत जपून आणला होता, तो मी त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उचलला, ऑइल लागलेली बोटं धोतराला पुसली आणि म्हणाले, "बरं. आधी कागद."

तर मंडळी, जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा इंजिनचा आवाज जरूर ऐका. पण त्याआधी कागद वाचा, चारही टायर मोजा, सगळे ड्रम उघडून बघा, आणि गाडी भरून एखाद्या उतारावर न्या. गाडी चढली नाही तर फार तर आपण घरी उशिरा पोचतो.