पहिली रायफल कधी घ्यावी?

पावसाळा नुकताच सुरू झाला होता. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याचे वडील आमच्या विभागात आले आणि त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. जर्मन बनावटीच्या एअर रायफलचे ते दरपत्रक होते. रक्कम अडीच लाखांच्या वर. "सर, सोसायटीचं कर्ज मंजूर झालंय. पोरगं म्हणतंय हीच पाहिजे. तुम्ही एकदा हो म्हणा." मुलगा एन. सी. सी.चा कॅडेट होता, शिबिरात पॉइंट टू-टू रायफलने त्याने चांगला ग्रुप काढला होता. कोल्हापूर आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवले, आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचे कांस्यपदक आणले. त्यानंतर आमच्या भागातल्या कितीतरी घरांत हा प्रश्न निघाला आहे. मी त्या गृहस्थांना "हो" म्हटले नाही, "एक महिना थांबा" म्हटले. त्या महिन्यात काय केले आणि का केले, तेच या लेखात सांगतो.

प्रथम खेळाची मोजमापे पाहू, कारण सगळा हिशेब त्यांच्यावर उभा आहे. दहा मीटर एअर रायफल हा प्रकार १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून त्या स्पर्धांत आहे. छर्रा ४.५ मि.मी. व्यासाचा. लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ अवघे ०.५ मि.मी. व्यासाचे, म्हणजे पेनाने टेकवलेला ठिपकाच. त्याच्याभोवतीचे प्रत्येक वर्तुळ २.५ मि.मी. अंतरावर. छर्र्याची कड वर्तुळाला नुसती लागली तरी ते गुण मिळतात. म्हणून छर्र्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून २.५ मि.मी.च्या आत पडला की दहा, ५ मि.मी.च्या आत पडला की नऊ. साठ नेम, पंच्याहत्तर मिनिटे, उभे राहून. वरिष्ठ स्पर्धांत २०१३ पासून गुण दशांशात मोजतात, तिथे सर्वोत्तम नेम १०.९ चा, आणि दर दशांशामागे अंतर पाव मिलिमीटरचे.

आता प्रश्न असा की नेम चुकतो तो रायफलमुळे की माणसामुळे? नवशिक्याला नेहमी वाटते, रायफलमुळे. याचा निकाल वादाने लागत नाही, प्रयोगाने लागतो. आमच्या ओळखीच्या एका क्लबात दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी एक जुनी रायफल होती, दस्त्याचा रंग उडालेली, कोणी प्रेमाने हात न लावणारी. मशीन शॉपमधल्या व्हाइसला लाकडाचे आणि चामड्याचे जबडे लावून आम्ही ती घट्ट धरली आणि एकाच जागी दहा छर्रे सोडले. भोकांची बाहेरून-बाहेर रुंदी भरली ७ मि.मी. त्यातून छर्र्याचा व्यास वजा करा, मध्यांचा पसरट २.५ मि.मी. उरतो. (स्प्रिंगच्या साध्या रायफलीवर हा प्रयोग करू नका. तिचा पिस्टन धक्का देतो आणि घट्ट आवळली की ती भलतीकडेच मारते.) मग त्याच रायफलीने तो मुलगा उभा राहून नेमबाजी करू लागला. त्याच्या मध्यांचा पसरट २० मि.मी.

संख्याशास्त्र शिकलेल्यांना पुढचे सांगायला नको, पण इतरांसाठी मांडतो. दोन स्वतंत्र चुका एकमेकींत मिसळतात तेव्हा त्यांची बेरीज सरळ होत नाही, वर्गांची होते. वीसचा वर्ग ४००, अडीचचा ६.२५. म्हणजे रायफलीचा वाटा काढून टाकला तर मुलाचा स्वतःचा पसरट ३९३.७५ चे वर्गमूळ, सुमारे १९.८४. आता त्याच्या हातात अडीच लाखांची रायफल द्या, जिचा पसरट समजा १ मि.मी. आहे. एकूण होईल सुमारे १९.८७. हिशेब ढोबळ आहे, पण अर्थ स्पष्ट आहे: कर्ज काढून मिळणारा फायदा वीस मिलिमीटरांत एक मिलिमीटरचा आठवा भाग! मी हे फळ्यावर लिहिले तेव्हा मुलगा गप्प झाला. वडिलांनी मात्र विचारले, "मग पैसा लावायचा कुठं?"

प्रश्न रास्त होता. माझे उत्तर असे की जे अंगाला बसते त्यावर आधी, जे हातात येते त्यावर नंतर. रायफल उसनी चालते, जॅकेट उसने चालत नाही. कॅनव्हास आणि चामड्याचे हे जॅकेट कमरेला आणि पाठीला आधार देते. डावे कोपर कंबरेच्या हाडावर टेकवून चार-पाच किलोंचे ओझे तासभर पेलायचे असते, ते स्नायूंवर पेलले तर हात थरथरणारच. (नियमाप्रमाणे रायफल ५.५ किलोंपेक्षा जड नको.) दुसऱ्याच्या मापाचे जॅकेट खांद्यावर चढते आणि नेमाच्या प्रत्येक वेळी अंग नव्या जागी जाते. तेव्हा मापाने शिवलेले जॅकेट, त्याच्या जोडीला ट्राउझर, सपाट तळव्याचे बूट आणि डाव्या हाताचा ग्लोव्ह. पण जाड तितके चांगले असा समज करून घेऊ नये. कापडाची एकेरी जाडी २.५ मि.मी.पेक्षा अधिक चालत नाही, स्पर्धेपूर्वी उपकरणाने जाडी आणि ताठपणा दोन्ही मोजतात, आणि नियमाबाहेरचे जॅकेट घालून लाइनवर उभे राहता येत नाही. वाढत्या वयाच्या मुलाला थोडी जागा ठेवून शिवावे, एवढेच.

ज्याला एवढाही खर्च झेपत नाही त्याने एअर पिस्तूलचा विचार जरूर करावा. तिथे जॅकेट-ट्राउझरचा आधार चालतच नाही. दीड किलोपर्यंतचे पिस्तूल, एक हात, आणि किमान ५०० ग्रॅमचा ट्रिगर. आपल्याकडे मुले रायफलच्या रुबाबाला भुलून हा रस्ता पाहतच नाहीत, याचे मला वाईट वाटते.

दुसरा खर्च छर्र्यांचा. स्पर्धेचे छर्रे चपट्या तोंडाचे असतात, कागदाला गोल स्वच्छ भोक पाडतात. डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात. या शंभरांश मिलिमीटरच्या फरकाला नळीची आवड-निवड असते. एकीला जो डबा मानवतो तो दुसरीला मानवत नाही. वेगवेगळे डबे आणून व्हाइसमध्ये प्रत्येकाचे दहा-दहा छर्रे सोडले. त्या रंग उडालेल्या रायफलीचा बाहेरचा पसरट ७ वरून ६ मि.मी.वर आला. नवी नळी घेतल्याचा आनंद एका डब्याच्या किमतीत.

तिसरी सुधारणा फुकट आहे. बटप्लेटची उंची, दस्त्याची लांबी, गालाचा टेकू, सगळे ॲलन कीने हलते. नवशिके ते कधी हलवतच नाहीत, किंवा रोज हलवतात. आमचा नियम असा होता की एका वेळी एकच स्क्रू, त्याची वहीत नोंद, आणि तीन दिवस दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. पुढच्या साइटमधले कडे बदलण्याचेही तसेच. नवशिक्या बारीक कडे घेतो, म्हणजे नेम अचूक होईल अशी त्याची समजूत. प्रत्यक्षात काळा गोल कड्याला सारखा शिवतो, डोळा घाबरतो आणि बोट चाप झटक्यात ओढते. काळ्याभोवती पांढरे सैल दिसेल असे मोठे कडे घ्यावे, हात स्थिर होईल तसे लहान करावे. मी स्वतः विद्यार्थिदशेत स्कॉलरशिपच्या पैशांतून एक महागडी मागची साइट घेतली होती. माझे गुण त्या वर्षी होते तिथेच राहिले. दोष चाप ओढण्यात होता. तो नंतर रिकामी रायफल भिंतीवर रोखून महिनाभर सराव केल्यावर गेला, आणि भिंतीने पैसे मागितले नाहीत.

मग नवी रायफल घ्यायचीच नाही का? घ्यायची, पण आकडा सांगेल तेव्हा. तोच हिशेब ६ मि.मी. पसरटाला लावून पाहा. अडीचची रायफल बदलून एकची घेतली तर सुमारे अर्धा मिलिमीटर वाचतो. जिथे पाव मिलिमीटरला दशांश मिळतो आणि दशांशाने माणूस अंतिम फेरीबाहेर राहतो, तिथे अर्धा मिलिमीटर ही चैन नव्हे. आम्ही ठरवले की उभ्याने पसरट १० मि.मी.च्या आत महिनाभर टिकला की मगच दरपत्रकाचा कागद बाहेर काढायचा.

त्याला दीड वर्ष लागले. तोवर कर्ज उचलले गेले नव्हते. जॅकेट आणि बूट सोयाबीनच्या पैशांत झाले. रायफल अखेर जुनी घेतली, आणि जुनी घेणाऱ्यांसाठी इथे एक सूचना आवश्यक आहे. हवेच्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाब असतो आणि त्यावर तारीख कोरलेली असते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, तारखेची जबाबदारी नेमबाजाची असते आणि नवा सिलिंडर स्वस्त नसतो. आम्हाला एका विक्रेत्याने दाखवलेल्या रायफलीवर नवे पॉलिश होते आणि तारीख चार वर्षांपूर्वी सरलेली. विचारल्यावर "त्याला काही होत नाही" असे उत्तर मिळाले. आम्ही उठून आलो. दुसरी मिळाली तिच्या सिलिंडरला अजून सहा वर्षे होती. हवा भरतानाही काळजी लागते. हातपंपाने पाण्याची वाफ आत जाते आणि आतले भाग गंजतात, म्हणून शक्यतो कोरड्या हवेच्या मोठ्या टाकीतून भरावे.

परवान्याचा प्रश्न पालक हमखास विचारतात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंचापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफली या मर्यादेच्या बऱ्याच आत बसतात. पॉइंट टू-टूला मात्र परवाना लागतो. पण परवाना नाही म्हणून ते खेळणे होत नाही. रेंजवर नळी नेहमी लक्ष्याकडे आणि थांबल्यावर नळीत सुरक्षेची रंगीत दोरी, यात सूट नाही.

भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली निघाली, तिचे पहिले अध्यक्ष बडोद्यात जन्मलेले ग. वा. मावळणकर. त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून राष्ट्रीय स्पर्धेकडे वाट जाते. आमचा विद्यार्थी यंदा त्या स्पर्धेच्या तयारीत आहे. रंग उडालेली जुनी रायफल आता क्लबात प्रथम वर्षाच्या एका मुलीकडे आहे. तिच्यासाठी बटप्लेट दोन बोटे खाली घेतली आहे आणि वहीचे पहिले पान भरले आहे: पसरट, २३ मि.मी.