बर्लिनमधील भाड्याचे घर

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त बर्लिनला जात आहे. घरमालक घर दाखविण्यापूर्वीच अनामत मागतो, द्यावी काय?

उत्तर : मुळीच देऊ नये. जर्मन कायद्यान्वये अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून, म्हणजे पाणी, उष्णता इत्यादींचा आकार वगळून उरणाऱ्या भाड्याहून, अधिक असू शकत नाही, आणि तीही भाडेपट्टा सुरू झाल्यापासून तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूस हक्क आहे. तेव्हा वास्तूचे दर्शनही न घडविता जो रक्कम मागतो, तो मालक की तोतया, ही शंका प्रथम घ्यावी. घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांत सरकारी कचेरीत पत्त्याची नोंद करावी लागते व त्यासाठी मालकाचा दाखला आवश्यक असतो. तो देण्यास खळखळ करणाऱ्याचे घर कितीही स्वस्त असो, घेऊ नये. स्वयंपाकघरही नीट पाहावे. तेथे पुष्कळदा मागील भाडेकरू ओटा-कपाटांसह सारे उचलून नेतो.