मोटरसायकलचा क्रँक बदलण्यापूर्वी कोणती मापे जुळवावीत?

पांझरा ओलांडून देवपुरात यावे, तर रस्त्याकडेच्या गॅरेजवर दुरुस्तीला आलेली गाडी बहुधा खेड्यातली असते. दुधाचे कॅन, भाजीची पोती, मागे एक माणूस, एवढे ओझे ती रोज वाहते. अशा गाडीचा क्रँक वाजू लागला की मालक म्हणतो, "उस्ताद, नवा परवडत नाही, जुन्या बाजारातला पाहून टाका." काम मिळते, पण जोखीम कारागिराच्या अंगावर येते. क्रँक काढायचा म्हणजे इंजिन पुरते खोलून केस दुभंगावी लागते. न जुळणारा क्रँक बसला तर तेवढीच मेहनत पुन्हा, तीही बिनमजुरीची. त्यात हेड किंवा ब्लॉक गेला तर भरपाई वेगळी. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी काय काय मोजावे, ते आज पाहू.

भंगारवाला "सेम टू सेम आहे" म्हणतो. तो खोटेच बोलतो असे नाही. त्याने गाडीचे नाव पाहिलेले असते, माप पाहिलेले नसते.

पहिले माप स्ट्रोकचे. पिस्टन खालून वर जितका सरकतो तो स्ट्रोक, आणि तो क्रँकवरच ठरतो. स्प्लेंडर १०० चा बोअर ५० आणि स्ट्रोक ४९.५ मि.मी., म्हणून ती ९७.२ सीसी. सुपर स्प्लेंडर १२५ चा बोअर ५२.४ आणि स्ट्रोक ५७.८. नाव एकाच घराण्यातले, पण स्ट्रोकमध्ये ८.३ मि.मी. चा फरक. या फरकाचा निम्मा भाग वर जातो आणि निम्मा खाली. म्हणजे रॉड व पिस्टन तेच ठेवून असा क्रँक कुठे बसवलाच, तर पिस्टन सव्वाचार मि.मी. च्या आसपास जास्त वर चढेल आणि व्हॉल्व्हला किंवा हेडला भिडेल. हा निम्म्याचा हिशेब शागिर्दाला पहिल्या दिवशीच शिकवावा.

सीसी जवळपास सारखी म्हणून क्रँक सारखा, हाही मोठा गैरसमज आहे. जुन्या बुलेट ३५० चे माप ७० बाय ९०, सीसी ३४६. कंपनीने २०२० मध्ये मेटिऑरपासून जे नवे ३५० चे इंजिन आणले त्याचे माप ७२ बाय ८५.८, सीसी ३४९. फरक अवघ्या तीन सीसीचा, पण स्ट्रोक चार मि.मी. हून अधिक कमी. याउलट यामाहाची आरएक्स १०० (५० बाय ५०) आणि आरएक्स १३५ (५८ बाय ५०) पाहा. सीसी ९८ आणि १३२, पण स्ट्रोक एकच. स्ट्रोक जुळला म्हणून लगेच हात घालू नये. ५८ चा पिस्टन ५० च्या पिस्टनपेक्षा जड असतो, आणि क्रँकच्या चाकांचा तोल पिस्टनच्या वजनाशी बांधलेला असतो. तोल बिघडला की हँडल आणि फूटरेस्ट थरथरतात, बेअरिंग लवकर जाते. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, तरी शौकीन लोक ती अजून जपतात. त्यामुळे तिच्या नावाने बाजारात काय वाटेल ते विकले जाते.

सुटा क्रँक हाती असेल तर स्ट्रोक असा काढावा. दोन्ही शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवा, रॉड सरळ उभा धरा. क्रँकपिन सर्वांत वर असताना रॉडच्या छोट्या डोळ्याची टेबलापासून उंची मोजा. मग क्रँक अर्धा फेरा फिरवून, रॉड उभाच धरून, पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे स्ट्रोक. त्याच वेळी दोन्ही डोळ्यांच्या मध्यांमधले अंतर आणि छोट्या डोळ्याचा व्यास जुन्या रॉडशी ताडून पाहावा. रॉड एक मि.मी. लांब निघाला तर पिस्टनही तेवढाच वर येणार.

दुसरी गोष्ट बेअरिंगची, आणि इथे अनुभवी माणसेही फसतात. ६३०४ नंबरचे बेअरिंग २० बाय ५२ बाय १५ मि.मी. असते आणि ६२०५ असते २५ बाय ५२ बाय १५. बाहेरचा व्यास एकच, जाडीही एकच. केसमध्ये दोन्ही अगदी नीट बसतात. फरक आतल्या भोकाचा, पाच मि.मी. चा. म्हणून नुसते केसमध्ये बसवून पाहणे हा पुरावा नव्हे. शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरने दोन-तीन जागी घ्यावा. कोणी "शाफ्ट थोडा घासून घेऊ" किंवा "बुश टाकू" म्हणाले तर सरळ नकार द्यावा. बेअरिंगवर सी३ लिहिलेले असेल तर नवेही सी३ च घ्यावे. त्यात आत थोडी जास्त ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते, कारण इंजिन तापले की सगळे फुगते.

टोकांकडे आता थोडक्यात. मॅग्नेटकडचा टेपर, अर्धचंद्र चावीची खाच, नटाचा आटा, क्लचकडच्या स्प्लाईन आणि गिअरचे दात, चार-स्ट्रोक असेल तर टायमिंग चेनच्या चक्राचे दात, हे सारे जुन्या क्रँकशेजारी ठेवून मोजावे. टेपर जुळला पण चावीची खाच दुसऱ्या कोनात असली तर ठिणगी वेळेवर पडत नाही, आणि कारागीर दोन दिवस कार्बोरेटर साफ करत बसतो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल सीलची जागाही पाहावी. क्लचकडचे सील नीट बसले नाही तर गिअरचे ऑइल आत ओढले जाऊन पांढरा धूर निघतो.

जुना क्रँक असेल तर रॉड वर-खाली ओढून पाहावा. तिथे टकटक चालत नाही. आडवी थोडी हालचाल मात्र असायचीच. डायल गेजवर शाफ्ट फिरवून डगमग पाहावी. मॉडेलप्रमाणे पुस्तकातली हद्द साधारण ०.०३ ते ०.१० मि.मी. असते. क्रँकपिनच्या टोकाला वेल्डिंगचे टाके दिसले तर मी तरी असा माल घेणार नाही, कारण पिन एकदा ढिली झालेली असण्याची शक्यता मोठी.

केस बंद करून बोल्ट आवळताना क्रँक जड होऊ लागला तर तिथेच थांबावे. हेड चढवण्यापूर्वी पिस्टनवर मऊ प्लॅस्टिसिनची गोळी ठेवावी, मग हेड बसवून हाताने दोन पूर्ण फेरे द्यावेत आणि गोळी किती दबली ते पाहावे. किक त्यानंतरच. लळिंगच्या चढावर भरल्या गाडीने इंजिन धरले, तर पुढचे सगळे ग्राहक ती गोष्ट ऐकतात.

बिलावर क्रँक जुना की नवा, कोणत्या मॉडेलचा, हे लिहून द्यावे आणि काढलेला क्रँक मालकाच्या हाती द्यावा. इंजिन नंबर क्रँकवर नसून केसवर कोरलेला असतो. त्यामुळे नुसता क्रँक बदलला तर आरसी बुकाला धक्का लागत नाही. पण क्रँकबरोबर दुसऱ्या गाडीची केसही आली, तर एमएच-१८ ची गाडी असो की एमएच-१९ ची, आरटीओत नोंद बदलून घेतल्याशिवाय ती गॅरेजबाहेर काढू नये. ती केस कोणाच्या गाडीची, याची पावतीही भंगारवाल्याकडून आधीच मागून घ्यावी.