नवी डिस्क एकटी चालवून बघा

हैदराबादेत मराठी डीटीपीची कामं आता थोडी उरली आहेत. लग्नाच्या-मुंजीच्या पत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, मधूनच एखाद्या निवृत्त काकांचा कवितासंग्रह. माझ्याकडची यातली बरीचशी कामं अजून विंडोज ७, पेजमेकर ७ आणि श्रीलिपीची जुनी आवृत्ती यांच्यावरच चालतात. माझा भाचा हसतो. हसू दे. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट देणं बंद केलं आणि पेजमेकर ७ तर २००१ सालचा, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तो संगणक मी इंटरनेटला जोडतच नाही. पण जुन्या फाइली त्या काळच्या फाँटमध्ये आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. फाँट नसलेल्या संगणकावर उघडल्या तर ‘शुभविवाह’च्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला दिसतो. इन्स्टॉलेशनच्या सीडींवर चरे पडलेले. त्यामुळे हार्ड डिस्क कुरकुरायला लागली की सगळं नव्याने टाकणं जमत नाही. अख्खी डिस्क दुसरीवर जशीच्या तशी उतरवावी लागते. याला दुकानात ‘क्लोन मारणं’ म्हणतात.

हैदराबादच्या कोठी भागात राहणाऱ्याला त्यासाठी सिकंदराबादच्या सीटीसी या संगणक-बाजारापर्यंत जायची गरज नाही. गुजराती गल्लीत वायरीपासून सीसीटीव्हीपर्यंत सगळं मिळतं आणि संगणक दुरुस्त करणारेही आसपास आहेत. मी कोठीतल्याच एका दुकानात कॅबिनेट नेऊन दिलं. संध्याकाळी पोरगा म्हणाला, “हो गया मॅडम, एकदम फास्ट.” खरंच फास्ट होतं. पेजमेकर क्षणात उघडला, फाँट सगळे जागेवर. “पुरानी डिस्क अंदरच छोड दिया, डाटा रखने कू काम आती.” मलाही ते सोयीचं वाटलं.

पुढे गणपतीच्या आधी एका मंडळाची स्मरणिका ऐन जाहिराती बसवण्यापर्यंत आलेली असताना जुन्या डिस्कमधून टक-टक असा आवाज आला आणि संगणक बंद पडला. परत चालू केला तर काळ्या पडद्यावर एकच ओळ : ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. नवी डिस्क ठणठणीत होती, विंडोज तिच्यावरच होतं, तरीही.

झालं होतं असं. विंडोज ७ सी ड्राइव्हच्या आधी साधारण १०० एमबीचा एक छोटा भाग राखून ठेवतं, ‘सिस्टीम रिझर्व्ह्ड’ नावाचा. संगणक आधी तिथे जातो, विंडोज कुठे आहे ते विचारतो आणि मग पुढे निघतो. दुकानात फक्त सी उतरवला गेला होता. नवी डिस्क एकटी चालू होईना, म्हणून जुन्या डिस्कवरच्या त्या भागालाच नव्या डिस्कचा पत्ता दिला आणि दोन्ही जोडून ठेवल्या. सामान नव्या घरात आलं, किल्ली जुन्या घरात राहिली. दुरुस्ती तशी अवघड नव्हती. विंडोज ७ च्या डीव्हीडीवरून संगणक चालू करून नव्या डिस्कचा सी ‘ॲक्टिव्ह’ केला, ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा दिली, चालू झाला. पण ती आज्ञा देता येणारा माणूस शोधण्यात दोन जाहिरातदारांचे फोन चुकवावे लागले.

तुम्ही क्लोन करून घेणार असाल तर पैसे देण्याआधी एवढं करा : दुकानातच, आपल्या डोळ्यांसमोर, जुन्या डिस्कची केबल काढायला सांगा आणि संगणक एकट्या नव्या डिस्कवर चालू होतो का बघा. “दोनो लगा के अच्छा चलता” हे उत्तर मानू नका. केबल काढायला का-कू करत असतील तर डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे ज्या भागावर ‘सिस्टीम’ लिहिलेलं असतं तिथून सुरुवात होते, ज्याच्यावर ‘बूट’ असतं तिथे विंडोज असतं. वाचताना उलटं वाटतं, पण तसंच आहे. ही दोन्ही नावं एकाच डिस्कच्या पट्टीत हवीत.

क्लोनच्या आधीची काळजी वेगळी. आपलं काम आधी बाहेरच्या डिस्कवर साधं कॉपी करून घ्या. क्लोन मांडणी वाचवतो, पण तो करतानाच काम जाण्याचा धोका असतो. उतरवताना मूळ आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि मग काहीच उरत नाही. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या असतील तर हा घोळ सहज होतो. डिस्कवर कागदाची चिठ्ठी चिकटवा आणि बटण दाबण्याआधी सीरियल नंबर ताडून बघा.

डिस्क आधीच मरायला टेकलेली असेल तर ‘चेक डिस्क’ चालवून तिला आणखी दमवू नका. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्याच्या वर दिसला तर नेहमीच्या क्लोनऐवजी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरणारा माणूस गाठा. ते आधी चांगला भाग उचलतं आणि खराब भागाकडे नंतर वळतं.

खरेदीतही एक मेख आहे. जुनी ५०० जीबीची असते आणि दुकानदार ४८० ची एसएसडी पुढे करतो. आत माल १०० जीबीच असला तरी क्लोनझिला नेहमीच्या पद्धतीत लहान डिस्कवर उतरवत नाही. ५१२ ची घ्या. विंडोज ७ असेल तर अडीच इंची साटाच घ्या. एनव्हीएमई त्याला मुळात ओळखता येत नाही. बायोसमध्ये आयडीई-एएचसीआय यांतलं जे असेल ते तसंच ठेवा, नाहीतर निळा पडदा येतो. नव्या संगणकावर बिटलॉकर चालू असेल तर तो आधी थांबवून रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. श्रीलिपीचा डोंगल मात्र क्लोन होत नाही, तो सांभाळा. हिशोब टॅलीवर असेल तर लायसन्स सरेंडर करायची सोय त्यात आहे, ती क्लोनच्या आधी वापरलेली बरी.

जुनी डिस्क बदल्यात देऊ नका, बंद पडली असली तरी. माझ्या डिस्कवर लोकांचे पत्ते, फोन, आधारच्या प्रती होत्या, तुमच्या डिस्कवरही असतील.

आणि क्लोन झाला म्हणून निवांत बसू नका. ज्यांच्याकडे पेजमेकरमधल्या जुन्या स्मरणिका, कौटुंबिक कुलवृत्तांत, मंडळांचे अंक पडून आहेत, त्यांनी संगणक चालू आहे तोवर त्यांच्या फाँटसह पीडीएफ काढून ठेवाव्यात आणि एक प्रत मंडळाच्या कार्यालयात द्यावी.